इंग्रजीच्या तासाची वही कोणी उघडून पाहिली?

१/ मुलांना इंग्रजी केव्हापासून शिकवावे, यावर महाराष्ट्र गेली पावणेदोनशे वर्षे भांडतो आहे. इंग्रजीच्या तासाला मूल वहीत नेमके काय लिहिते, याची चौकशी मात्र फारशी कोणी केलेली नाही. जून जवळ आला की 'मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम' हा वाद पालकांच्या गटांत नव्याने पेटतो. त्या निमित्ताने रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासातून हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/ आरंभ एका वहीपासून करते. गेल्या दिवाळीत आठवीतल्या मामेबहिणीची इंग्रजीची वही चाळली. समास आखलेले, अक्षर मोत्यासारखे, पानोपानी लाल शाईची सही. एका पानावर आवडत्या ऋतूवर निबंध होता. त्यात वसंत होता, कोकिळा होती, बागेतली फुले होती. वर्षातले चार महिने पावसात भिजणाऱ्या आमच्या गावाचा मागमूसही नव्हता. विचारले, हे तू लिहिलेस? ती म्हणाली, "नाय गो ताई, फळ्यावरून उतरवलंय."

३/ आदल्याच दिवशी घरची भातझोडणी झाली होती. म्हटले, त्यावर दोनच वाक्ये इंग्रजीत लिहून दाखव. ती पाव तास पेन हातात धरून बसून राहिली. बुद्धीने ती कोणापेक्षा कमी नाही. पण शंभर पाने इंग्रजी उतरवलेल्या या मुलीवर इंग्रजीत स्वतःचे एक वाक्य रचण्याची वेळ कधी आलीच नव्हती. तिच्या शाळेत 'वही पूर्ण' याचा अर्थ 'फळा पूर्ण उतरवला' एवढाच होता.

४/ दोष त्या मुलीचा नाही आणि एकट्या शिक्षकाचाही नाही. पन्नास वह्या तपासायच्या, अभ्यासक्रम संपवायचा, वर सरकारी माहितीचे तक्ते भरायचे. अशा माणसाला उतरवलेली उत्तरे तपासणे सोपे जाते, कारण ती सगळी सारखीच असतात. पण ही अवस्था आकाशातून पडलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो इतिहास आपण दोन सोयीस्कर गोष्टींखाली झाकून ठेवला आहे.

५/ पहिली गोष्ट मेकॉलेची. 'मी हिंदुस्थान उभा-आडवा फिरलो, एकही भिकारी पाहिला नाही, म्हणून यांचे शिक्षण मोडून काढू' अशा आशयाचे त्याच्या नावावरचे भाषण आपण सर्वांनी कधी ना कधी वाचले असेल. त्याखाली २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आणि 'ब्रिटिश संसद' असा उल्लेख असतो. त्या दिवशी मेकॉले ब्रिटनमध्ये नव्हताच. तो हिंदुस्थानात होता. ते भाषण बनावट आहे.

६/ त्या तारखेचे त्याचे टिपण मात्र खरे आहे, आणि ते पुरेसे उद्दामही आहे. सरकारी पैसा संस्कृत-अरबीवर खर्च करावा की इंग्रजीवर, हा त्याचा विषय. इंग्रजी शिकलेला एक मध्यस्थ वर्ग तयार करावा आणि त्या वर्गाने देशी भाषा संपन्न कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण शंभर वेळा ऐकतो. दुसरा अर्धा कोणी सांगत नाही, कारण तो सांगितला की काम आपल्या अंगावर येते.

७/ शिवाय मुंबई इलाख्याची वाट कलकत्त्याहून वेगळी होती. एल्फिन्स्टनच्या काळापासून इथे मराठी शाळा आणि मराठी पाठ्यपुस्तके यांवर भर होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, म्हणजे मेकॉलेच्या टिपणाच्या चार वर्षे आधीचा. तेव्हा आजच्या इंग्रजीच्या तासाचे सारे खापर मेकॉलेवर फोडणे म्हणजे स्वतःच्या घरातली गळती शेजाऱ्याच्या कौलांवर ढकलणे होय.

८/ दुसरी गोष्ट 'वाघिणीच्या दुधा'ची. हे शब्द विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जातात आणि आज ते इंग्रजी माध्यमाच्या समर्थनार्थ वापरले जातात. वाघिणीचे दूध जितक्या लवकर पाजाल तितके बरे, असा त्यामागचा तर्क. या विष्णुशास्त्र्यांचा रत्नागिरीशी संबंध आहे. सरकारी नोकरीतली त्यांची अखेरची शाळा रत्नागिरीचीच. १८७९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली.

९/ जानेवारी १८८० मध्ये पुण्यात त्यांनी शाळा काढली. तिच्या आरंभापासून त्यांच्या सोबत होते रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक. राष्ट्रीय शिक्षणासाठी काढलेल्या त्या शाळेचे नाव काय ठेवले? न्यू इंग्लिश स्कूल. इंग्रजीला विरोध हा त्या पिढीचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी घेऊन आपण काय करणार, हा प्रश्न होता.

१०/ विष्णुशास्त्र्यांनी त्या दुधाचे काय केले? १८७४ पासून निबंधमाला चालवली, आणि ती मराठीत. जॉन्सनची 'रासेलस' ही कादंबरी वडील कृष्णशास्त्री आणि ते, अशा दोघांच्या हातून मराठीत आली. जॉन्सन आणि मेकॉले यांचे गद्य वाचून मराठी वाक्याला किती ताण सोसतो, हे त्यांनी अजमावले. त्यांचे इंग्रजी वाचन मराठी लिखाणात उतरत होते. शाळांच्या जाहिरातींत हा भाग येत नाही.

११/ याच्याही अर्धशतक आधी पोंभुर्ल्याचा एक विशीतला तरुण हेच करत होता. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात आहे. १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. पानावर दोन स्तंभ: एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. हे पान म्हणजे मला आजवर सापडलेली इंग्रजीच्या तासाची सर्वांत उत्तम वही वाटते.

१२/ कारण त्या दोन स्तंभांत लबाडीला जागा नाही. इंग्रजीतला विचार समजला नसेल, तर शेजारचा मराठी स्तंभ लगेच चुगली करतो. मराठीतले वाक्य सैल असेल, तर इंग्रजीत नेताना ते सुटून पडते. वाचन आणि लेखन ही तिथे दोन वेगळी कामे उरत नाहीत. आपण आज जी स्वल्पविराम, पूर्णविराम ही चिन्हे वापरतो, तीही मेजर कँडीच्या प्रयत्नाने याच देवाणघेवाणीतून मराठीत रुजली. हा धागासुद्धा त्या व्यवहाराचा ऋणी आहे.

१३/ मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पुढे ते रत्नागिरीच्याच हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. संस्कृत शिकवण्यासाठी त्यांनी जी दोन क्रमिक पुस्तके रचली, त्यांतही पाठांतराबरोबर दोन्ही दिशांचे भाषांतर आहे: संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात. शब्दरूपे पाठ केलीत? मग आता वाक्य करून दाखवा.

१४/ इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हा धागा 'जुने ते सोने' या सदरात जमा होईल. तो वर्ग मूठभरांचा होता. जांभेकर, भांडारकर, चिपळूणकर, टिळक ही नावे कोणत्या घरांतून आली, हे सांगण्याची गरज नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले: शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो आणि त्याच्या मुलांची प्राथमिक शाळा उपाशी राहते.

१५/ आपल्याच जिल्ह्यातले दापोली पाहा. पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक तिथे राहत. आपल्या मुलांना शाळेत घ्यावे, यासाठी त्यांना १८९० च्या दशकात अर्जविनंत्या कराव्या लागल्या. जिथे प्रवेश मिळाला, तिथेही मुलांची जागा ओटीवर. वर्गात भाषांतर कसे चालते, हे त्यांनी दाराबाहेरून ऐकायचे. जुन्या वर्गाची थोरवी गाताना ही ओटी विसरणे हा इतिहासाशी द्रोह आहे.

१६/ आणि म्हणूनच पुढची गोष्ट मोलाची. दापोलीत काही काळ राहिलेल्या एका निवृत्त सुभेदाराने आपल्या मुलाची इंग्रजी शाळेवर सोडली नाही. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, नाव रामजी. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांच्या भाषांतराच्या पाठमाला त्यांनी भीमरावाकडून घरी घोटून घेतल्या. तर्खडकरी पद्धत साधी: शब्द, नियम, मग इंग्रजी वाक्यांचे मराठी आणि मराठी वाक्यांचे इंग्रजी.

१७/ तो मुलगा पुढे १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढतो आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध करतो. याचे सारे श्रेय एका पाठमालेला देणे हास्यास्पद ठरेल. पण ज्याला वर्गात वेगळे बसवले गेले, त्याच्या बापाने नेमकी कोणती कसरत निवडली, याकडे इतिहासाच्या विद्यार्थिनीला दुर्लक्ष करता येत नाही. ती नकलेची नव्हती. अर्थ दोन्ही काठांवर वाहून नेण्याची होती.

१८/ मुरूडचे धोंडो केशव कर्वे हेही याच जिल्ह्यातले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी विषय सक्तीचा केला. 'मराठी की इंग्रजी' या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, दोन्ही. पण प्रत्येकीचे काम वेगळे. त्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. शहाणपणाला आपल्याकडे नेहमीच उशिरा शिक्का मिळतो.

१९/ आता सरकारी वाद पाहू. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट मराठीच्या बाजूने उभे राहिले. वाद गाजला. शेवटी खालच्या इयत्तांना मराठी आणि वरच्या शिक्षणाला इंग्रजी अशी वाटणी रूढ झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. भांडण कशाबद्दल होते? माध्यमाबद्दल.

२०/ स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, जन्म रत्नागिरीचा. त्यांच्या सरकारने पाचवी ते सातवीतली इंग्रजी काढली आणि ती आठवीपासून ठेवली. पुढे ती पुन्हा पाचवीत आली. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीत आली. आठवी, पाचवी, पहिली. दर वेळी इयत्तेचा आकडा बदलला. वहीतले काम तसेच राहिले. पूर्वी आठवीत उतरवायला बसणारे मूल आता पहिलीपासून उतरवायला बसते, एवढाच फरक.

२१/ हे अन्यायकारक वाटत असेल, तर दहावीच्या इंग्रजीची कृतिपत्रिका काढून पाहावी. होय, प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ८० गुणांच्या या पत्रिकेत भाषांतराला ५ गुण आहेत: काही शब्द, दोन वाक्ये, एक म्हण. तेही इंग्रजीतून मराठीत, एकाच दिशेने. आपल्या भाषेतले आपले वाक्य इंग्रजीत न्या, असे दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला तिथे कोणी सांगत नाही.

२२/ पत्रलेखन, भाषण, बातमी, गोष्ट हे सारे पत्रिकेत आहे, हे मान्य. पण वर्षभराच्या सरावात त्यांचे साचे होतात. आरंभीची तीन वाक्ये ठरलेली, शेवटची दोन ठरलेली, मधे दिलेले मुद्दे. गाईडमधला निबंध रत्नागिरीत, नांदेडात आणि चंद्रपुरात एकच. सड्यावरच्या मुलीचा वसंत आणि मराठवाड्यातल्या मुलाचा वसंत एकाच कोकिळेवर चालतो. याला लेखन म्हणणे म्हणजे शिक्का मारण्याला चित्रकला म्हणणे.

२३/ आक्षेप पहिला: भाषांतर पद्धत कालबाह्य आहे, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. ही पद्धत जिथे वर्गाबाहेरही कानावर इंग्रजी पडते, तिथे शोभते. लांजा किंवा संगमेश्वरच्या वाडीवर तास संपला की इंग्रजीही संपते. अशा मुलाजवळ एकच मोठे भांडवल असते: त्याची मराठी. ते दाराबाहेर काढून ठेवायला सांगणे ही आधुनिकता कसली? तो तर दापोलीच्या ओटीचाच नवा प्रकार. आता मुलाला आत घेतो आणि त्याच्या भाषेला ओटीवर बसवतो.

२४/ आक्षेप दुसरा: तर्खडकरी सुद्धा घोकंपट्टीच होती. होती. तिची वाक्ये रुक्ष होती, विषय जुने होते, आणि ती जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणत नाही. पण तिच्या प्रत्येक पाठाच्या शेवटी विद्यार्थ्याला वाक्य घडवावे लागे आणि चूक झाली तर ती त्याची स्वतःची असे. आजच्या वहीत चूकच नसते. जिथे चूक करायला वाव नाही, तिथे शिकायलाही नाही.

२५/ आक्षेप तिसरा, आणि सर्वांत नवा: आता मोबाईल क्षणात भाषांतर करून देतो, मुलांनी कशाला शिणावे? नेमक्या याच कारणासाठी. उतरवण्याचे काम यंत्र आपल्यापेक्षा उत्तम करते. म्हणजे आपण ज्या एका कौशल्यावर मुलांची दहा वर्षे घालवतो, ते सर्वांत आधी निरुपयोगी झाले. यंत्राने दिलेले वाक्य 'मला म्हणायचे होते तेच म्हणते का', हे ओळखायला दोन्ही भाषांवर हुकूमत लागते.

२६/ या प्रश्नात पणाला काय लागले आहे, तेही सांगते. आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरतो आहे. पालक सांगतात, 'इंग्रजी येत नाही म्हणून काढलं.' मूल मग तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसते आणि गावची शाळा आणखी रोडावते. पण त्या नव्या शाळेतली वही उघडून पाहा. पुष्कळदा तिथेही फळाच उतरवलेला असतो. फक्त आता गणित आणि विज्ञानाचाही. फी भरून नक्कलच विकत घेतली जाते.

२७/ म्हणून मागणी इयत्तेची नाही, माध्यमाचीही नाही. मागणी वहीची आहे. आठवड्यातून एक पान मुलाचे स्वतःचे असावे. डाव्या बाजूला मराठीत चार वाक्ये: घरची झोडणी, खाडीवरची मासळी, चुकलेली एसटी. उजवीकडे तीच इंग्रजीत, चुकतमाकत. पुढच्या आठवड्यात उलट: इंग्रजी उतारा वाचायचा आणि मराठीत मांडायचा. थोडक्यात, दर मुलाचे एक छोटे 'दर्पण'.

२८/ यासाठी शिक्षकाला वेळ हवा. तेव्हा तक्ते कमी करा. वहीची तपासणी पानांच्या संख्येवरून करणे बंद करा. मंडळाने भाषांतराचे गुण वाढवावेत आणि ते दोन्ही दिशांनी ठेवावेत, कारण परीक्षेत जे नाही ते वर्गात टिकत नाही, हे आपल्याला गेल्या दीडशे वर्षांत पुरेसे कळले आहे. यात नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही.

२९/ दिवाळीच्या सुटीत त्या मामेबहिणीसोबत हे रोज केले. चौथ्या दिवशी तिने झोडणीवर पाच वाक्ये लिहिली. क्रियापदाचा काळ दोनदा चुकला होता. 'उडवी'ला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा तिने 'पेंढ्यांचा गोल ढीग' अशा अर्थाचे शब्द स्वतः जुळवले. तिच्या शंभर पानांच्या वहीतले ते पहिले खरे इंग्रजी होते, आणि त्यावर लाल शाईची सही नव्हती.

३०/ पुढच्या वेळी कोणी आपल्याला मेकॉलेचे बनावट भाषण पाठवील किंवा वाघिणीच्या दुधाची महती सांगेल, तेव्हा वाद घालू नका. त्यांना एवढेच म्हणा: आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या मुलाची इंग्रजीची वही आणा, आणि तिच्यात त्याचे स्वतःचे एक वाक्य दाखवा. सापडले तर पुढचे बोलू. धागा इथे संपवते.